मुळांना उजेड दाखवला तर नक्की काय होतं?

खिडकीवाला (सोम., रात्री ९:१२)

मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. (हसलात तरी उत्तर द्या.)

माझ्याकडे मनी प्लांटच्या तीन फांद्या काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवलेल्या आहेत, खिडकीच्या कट्ट्यावर, पाचेक महिने झाले. मुळं झकास फुटलीत, वीतभर लांब. पण आता दोन गोष्टी झाल्यात. एक म्हणजे बाटलीला आतून हिरवा थर धरलाय, आणि दुसरं म्हणजे मुळंच मला हिरवट दिसायला लागलीत, पाण्यातली पण आणि वर हवेत लोंबणारी पण. परवा एक ओळखीचे गृहस्थ आले होते, बागकामात मुरलेले, ते बाटली बघून जवळजवळ ओरडलेच, अरे मुळांना उजेड लागला की ती जळतात, ताबडतोब काळा कागद गुंडाळ. मी म्हटलं जळायची असती तर पाच महिन्यांत जळली नसती का? तर म्हणे "हळूहळू जळतात." आता यावर माणूस काय बोलणार.

तर प्रश्न असा की मुळांना उजेड खरंच नकोसा असतो का? त्यांना तो कळतो तरी कसा? आणि कळत असेल तर जन्मभर मातीत राहणाऱ्या अवयवाला उजेड ओळखायची गरजच काय पडली?

निशाचर (सोम., रात्री ९:२०)

सकाळी पडदा सरकवला की मला जे होतं तेच मुळांना होत असणार. विषय संपला.

निवृत्त_मास्तर (सोम., रात्री ९:४१)

खिडकीवाले, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. शाळेत आपण पाठ केलं की खोड उजेडाकडे जातं आणि मूळ उजेडापासून लांब, याला ऋण प्रकाशानुवर्तन म्हणतात, आणि दोन मार्क घेऊन पुढे गेलो. मीच किती वर्षं हे वाक्य फळ्यावर लिहिलं. पण "लांब जातं" आणि "जळतं" यात फरक आहे. आपण उन्हातून सावलीत सरकतो म्हणजे उन्हात उभे राहिलो की लगेच मरतो असं थोडंच आहे.

शंकासुर (सोम., रात्री १०:०३)

मास्तर, माफ करा पण ते वर्गातलं वाक्यच मला कधी पटलं नाही. कुंडीत उजेड वरून येतो आणि गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. मूळ खाली गेलं तर ते उजेडाला भिऊन गेलं की वजनाच्या ओढीने गेलं हे कसं ठरवलं कोणी? दोन्हीची दिशा एकच. मला वाटतं सगळं गुरुत्वाकर्षणच आहे आणि उजेडाचं आपलं मागून चिकटवलंय.

निवृत्त_मास्तर (सोम., रात्री १०:३६)

शंकासुरराव, नेहमीप्रमाणे शंका रास्त आहे, आणि ती लोकांना फार आधी आली होती. १८०६ मध्ये टॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या इंग्रज माणसाने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या आणि चाक सतत फिरत ठेवलं. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब आतल्या बाजूला. म्हणजे मुळाला "ओढ" कळते हे सिद्ध झालं. इथपर्यंत तुमचा मुद्दा.

पण पुढे चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी झाडांच्या हालचालींवर १८८० मध्ये जे पुस्तक काढलं त्यात पांढऱ्या मोहरीच्या रोपांवर बाजूने उजेड टाकलाय. बाजूने! म्हणजे गुरुत्वाकर्षण खाली आणि उजेड आडवा, दोघांची फारकत झाली. तरी मुळं उजेडाच्या उलट बाजूला वळली. मग त्यांनी मुळाचं फक्त टोक सिल्व्हर नायट्रेटने डागलं, तर वळणं बंद झालं. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वाकतं मात्र मागचं अंग.

आणि हेही सांगतो, सगळ्याच झाडांची मुळं अशी वळत नाहीत. कित्येकांना बाजूच्या उजेडाचं काही सोयरसुतकच नसतं. आमच्या दोन मार्कांच्या उत्तरात ते यायचं राहून गेलं.

अर्धवटराव (सोम., रात्री १०:४४)

टोक डागलं!! मोहरीच्या मुळाला चटका देणारे हेच ते थोर शास्त्रज्ञ का 😄

अवांतर: बटाटा उजेडात हिरवा होतो आणि मग तो खाऊ नये म्हणतात, म्हणजे मुळाला उजेड लागला की विष तयार होतं असंच ना? मग खिडकीवाल्यांचे ते गृहस्थ बरोबरच आहेत की.

निवृत्त_मास्तर (सोम., रात्री १०:५२)

अर्धवटराव, बटाटा मूळ नाही!!! ते जमिनीखालचं खोड आहे. डोळे असतात ना त्याला, ते म्हणजे खोडावरचे कोंब. रताळं मूळ आहे, गाजर मूळ आहे. पेपर तपासताना या एका चुकीने माझी किती शाई खाल्ली असेल याचा हिशोब नाही.

निशाचर (सोम., रात्री १०:५५)

बटाट्याला डोळे आहेत म्हणूनच त्याला उजेड दिसतो. आता खरंच विषय संपला.

शेवंती (सोम., रात्री ११:१५)

अर्धवटराव, बटाट्याचा हिरवा रंग हे नुसतं हरितद्रव्य असतं, ते आपण पालेभाजीत रोज खातो. अडचण ही की ज्या उजेडाने हिरवं होतं त्याच उजेडात सोलानिनसारखी कडू विषारी द्रव्यंही वाढतात, म्हणून हिरवेपणा हा इशारा समजायचा. गाजराचं डोकं मातीबाहेर राहिलं तर तेही खांद्यापाशी हिरवं होतं, पण तिथे सोलानिनची भानगड नाही, फार तर कडवट लागतं. म्हणून तर गाजर काय बटाटा काय, मातीची भर देत राहायची.

मूळ प्रश्नाबद्दल उद्या लिहिते, माझा एक बाटल्यांचा उद्योग करून झालाय.

पेट्रीडिश (मंगळ., सकाळी ८:०५)

धागा रात्रीच बघितला पण नीट लिहायचं होतं म्हणून थांबलो. काही वर्षं प्रयोगशाळेत मुळांवरच काम केलं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा, थोडं लांबेल.

आधी "कळतो कसा". मुळांच्या पेशींमध्ये उजेड टिपणारी प्रथिनं असतात, तीच जी पानांत आणि कोंबात असतात. निळ्या उजेडासाठी फोटोट्रॉपिन. अरॅबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं रोप आहे, जगभरच्या प्रयोगशाळांचं लाडकं, त्याच्या मुळात हे काम मुख्यतः फोटोट्रॉपिन-१ करतं. ते बिघडवलेलं रोप घेतलं तर बाजूने निळा उजेड टाका नाहीतर काही करा, मूळ ढिम्म. लाल उजेडासाठी फायटोक्रोम असतात, आणि गंमत म्हणजे याच रोपाचं मूळ लाल उजेडाकडे किंचित झुकतं. उलट नाही, *कडे*. २००१ मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणजे "मुळाला उजेड आवडत नाही" या वाक्यात आधी "कुठला उजेड" हे विचारायला पाहिजे.

मग शंकासुर यांचा मुद्दा. गुरुत्वाकर्षणाची ओढ उजेडापेक्षा फार जोरदार असते हे अगदी खरं. मुळाच्या टोकावर जी टोपी असते तिच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात, ते ज्या बाजूला बसतात ती बाजू खाली. आता ज्या रोपांत हा स्टार्च बनतच नाही अशी घेतली, तर त्यांची मुळं उजेडाने *जास्त* वाकतात. म्हणजे नेहमीच्या रोपात रस्सीखेच चालू असते आणि एक गडी लंगडा केला की दुसरा जिंकतो. मागून चिकटवलेलं वगैरे नाहीये.

बाकी कामावर निघतोय, "गरज काय" हा भाग राहिला, तो सगळ्यात मजेचा आहे.

अर्धवटराव (मंगळ., सकाळी ८:३०)

मग गुरुत्वाकर्षण बंदच केलं तर? लंगडा कशाला, गडीच मैदानाबाहेर.

पेट्रीडिश (मंगळ., सकाळी ८:४८)

बसमधून लिहितोय. केलंय तेही, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात. २०१२ च्या आसपास आलेल्या निकालांत दिसलं की वर खाली काही नसतानाही, एका बाजूने उजेड दिला तर मुळं बऱ्यापैकी उजेडापासून लांबच वाढली. शिवाय मुळं तिरकी नागमोडी वाढतात ती गुरुत्वाकर्षणामुळेच असं समजत होते, तर ती वळणं तिथेही आली. सगळे डोकं खाजवत बसले.

ऑर्किडवेडी (मंगळ., दुपारी १:२२)

मी आता या सगळ्याच्या बरोब्बर उलट बोलणार आहे.

माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर लोंबतात, दिवसभर लख्ख उजेडात, आणि ती हिरवीगार आहेत. वाळली की चंदेरी दिसतात, पाणी शिंपडलं की अर्ध्या मिनिटात हिरवी. वरून एक स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, वेलामेन म्हणतात, ते पाणी प्यायलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर दिसायला लागतो. हा हिरवा थर शोभेचा नाही, प्रकाशसंश्लेषण करतो! घोस्ट ऑर्किड म्हणून एक आहे त्याला तर पानंच नसतात म्हटलं तरी चालेल, झाडाच्या बुंध्याला चिकटलेली नुसती मुळंच मुळं, आणि त्या मुळांवर सगळा संसार. तैनिओफायलम नावाचं ऑर्किडही तसंच.

त्यामुळे मुळांना उजेड नकोच हे कृपया कोणी सरसकट म्हणू नका. ऑर्किडला काळ्या कुंडीत ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं आहे, मी सगळी पारदर्शक कुंड्यांत हलवलीत.

शंकासुर (मंगळ., दुपारी २:१०)

ऑर्किडताई, घोस्ट ऑर्किडचं मान्य, पण तुमच्या फॅलेनॉप्सिसला ही एवढाली जाड पानं आहेत, ते मुळांच्या जिवावर जगत नाही. उपाशी वगैरे जरा जास्तच झालं. पारदर्शक कुंडीचा खरा फायदा आपल्याला मुळं ओली आहेत की सुकी ते बाहेरून दिसतं हा आहे.

ऑर्किडवेडी (मंगळ., दुपारी २:२५)

बरं, उपाशी मागे घेते. "एक घास कमी" चालेल?

पेट्रीडिश (मंगळ., दुपारी २:५१)

😀 चालेल. त्या मुळांना पानांसारखी रंध्रं नसतात, बाहेरचा कार्बन डायऑक्साइड मनासारखा ओढून घेता येत नाही, त्यामुळे बऱ्याचदा मूळ स्वतःच्याच श्वसनातून सुटलेला वायू परत वापरतं. पानं असलेल्या ऑर्किडमध्ये ही जोडकमाई समजा. पण ऑर्किडवेडी यांचा मूळ मुद्दा पक्का आहे. शिंगाड्याची पाण्यात तरंगणारी पिसांसारखी मुळं हिरवी असतात. नदीच्या खडकांना चिकटून वाहत्या पाण्यात राहणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पतींत तर मूळ हिरवं चपटं होऊन पानाचं काम करतं. गुळवेलीच्या लोंबत्या मुळांतही हरितद्रव्य सापडतं.

पाणीदार (मंगळ., सायं. ६:४०)

मी पाण्यावरची शेती करतो (हायड्रोपोनिक्स, हौशी पातळीवर), तर तिथला अनुभव सांगतो कारण खिडकीवाल्यांची बाटली म्हणजे हायड्रोपोनिक्सचंच बाळरूप आहे.

सुरुवातीला मी पारदर्शक डबे वापरले, मुळं दिसतात म्हणून छान वाटायचं, पाहुण्यांना दाखवायचो. तीन आठवड्यांत सगळं पाणी हिरवं आणि डब्याला शेवाळाचा बुळबुळीत थर, मुळांवरही थर, पंपाची जाळी तुंबली. शेवाळ खतातलं अन्न खातं हे तर आहेच पण त्याहून वाईट म्हणजे रात्री ते पाण्यातला प्राणवायू वापरतं आणि मेलेलं शेवाळ कुजताना अजून वापरतं, मग मुळं गुदमरतात, तपकिरी होतात, कुजका वास येतो. बघणाऱ्याला वाटतं "उजेडाने मुळं जळली". उजेडाने नाही जळली, उजेडाने पोसलेल्या शेजाऱ्याने मारली. आता माझे सगळे डबे बाहेरून काळे आणि त्यावर पांढरा रंग, कारण नुसता काळा डबा उन्हात चहासारखा तापतो.

निशाचर (मंगळ., सायं. ६:४८)

"उजेडाने पोसलेल्या शेजाऱ्याने मारली", हे वाक्य मी फ्रेम करून लावणार. शेजारी मुळावर उठला म्हणतात तो हाच.

पेट्रीडिश (मंगळ., रात्री ९:३०)

पाणीदार यांच्या म्हणण्याला एक जोड, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. शेवाळ नसलं तरी उजेड *पाणीच* बिघडवू शकतो. रोपांना लोह मिळावं म्हणून खतात ते ईडीटीए नावाच्या रसायनाशी बांधलेल्या रूपात घालतात. १९९१ च्या एका शोधनिबंधात दाखवलंय की उजेडात लोहामुळे हे ईडीटीए मोडतं, त्यातून फॉर्मॅल्डिहाइड तयार होतं आणि मुळांची वाढ खुंटते. मुळांवर थेट उजेड न टाकता नुसतं आधी उजेडात ठेवलेलं माध्यम वापरलं तरी परिणाम होतो. अशा प्रयोगांत पिवळा फिल्टर लावून निळा उजेड अडवला की बिघाड बराच थांबतो.

मला हे वाचल्यावर घाम फुटला होता. कारण आम्ही (आम्ही म्हणजे जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा) रोपं काचेसारख्या पारदर्शक थाळ्यांत, उभ्या ठेवून, दिव्याखाली वाढवायचो, पानांबरोबर मुळंही दिवसरात्र झगझगाटात. मुळं दिसतात, मोजायला सोपी, म्हणून. आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे की मुळं मिठाला अशी वागतात, खताला तशी वागतात. मग २०१५ मध्ये एका गटाने पानं उजेडात आणि मुळं अंधारात राहतील अशी साधी काळी पेटी बनवली, आणि तुलना केली तर उजेडातली मुळं लांबीला कमी, बाजूची मुळं लवकर फुटलेली, आणि संप्रेरकांना नि मिठाला प्रतिसादही वेगळा! म्हणजे आम्ही एवढी वर्षं जे "मूळ" मोजत होतो ते उन्हात उभं केलेलं, बावरलेलं मूळ होतं. माझ्या स्वतःच्या दोन वर्षांच्या मोजण्या मी नंतर परत बघितल्याच नाहीत, हिंमत झाली नाही.

शंकासुर (मंगळ., रात्री ९:५५)

प्रामाणिकपणाबद्दल आदर. पण मग तुमच्या त्या २०१५ वाल्या तुलनेतली उजेडातली मुळं आखूड झाली ती उजेडामुळे की फॉर्मॅल्डिहाइडमुळे?

पेट्रीडिश (मंगळ., रात्री १०:१८)

शंकासुर, तुम्ही समीक्षक म्हणून कधी माझ्या वाट्याला आला नाहीत हे माझं नशीब. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून बघाव्या लागतात, आणि उजेडाचा स्वतःचा परिणामही आहे. २०११ मध्ये दिसलं की मुळांवर उजेड पडल्यावर काही *सेकंदांत* पेशींमध्ये प्राणवायूची चळवळी रूपं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी, उसळी मारतात. माध्यम बिघडायला सेकंद पुरत नाहीत. ही उसळी ताणाची खूण आहे. त्या संशोधकांनी म्हटलं की मूळ उजेडातून *पळ काढायला* बघतं, सुरुवातीला तर वाढीचा वेगही वाढवतं.

म्हणजे थोडा वेळ उजेड पडला तर पळ, कायमचाच पडला तर पळून उपयोग नाही, मग रचनाच बदल. मला तरी हे असं दिसतं.

खिडकीवाला (मंगळ., रात्री १०:४०)

बापरे, कुठल्या कुठे गेला धागा, मस्तच. पण माझा तिसरा प्रश्न अजून लोंबकळतोय माझ्या मुळांसारखा. मातीत अंधारच असतो, मग उजेड ओळखायची यंत्रणा ठेवलीय कशाला?

दरम्यान मी एक उद्योग केलाय. मोहरी भिजवून दोन पारदर्शक चपट्या डब्यांत ओल्या टिपकागदावर ओळीने लावलीय, डबे उभे ठेवलेत. एक काळ्या पिशवीत, एक खिडकीपाशी बाजूने उजेड येईल असा. निकाल शुक्रवारी.

शेवंती (बुध., सकाळी ७:१०)

काल राहून गेलं. माझा बाटल्यांचा अनुभव असा. एकाच वेलीच्या सारख्या मापाच्या फांद्या, चार बाटल्या उघड्या, चार तपकिरी कागदात गुंडाळलेल्या. गुंडाळलेल्यांना मुळं फुटायला साधारण आठवडाभर आधी सुरुवात झाली. पण तीन महिन्यांनी बघितलं तर पानं दोन्हीकडे सारखीच, मुळांची लांबीही उन्नीस-बीस. फरक एवढाच की उघड्या बाटल्या मला दर आठवड्याला घासाव्या लागल्या आणि गुंडाळलेल्यांकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

म्हणून मी आता मुळं *फुटेपर्यंत* अंधार देते, नंतर आवडीप्रमाणे. गुटी कलम बांधताना पण ओल्या शेवाळावर (हे वेगळं शेवाळ हं पाणीदार, मॉस) काळं प्लास्टिक बांधते. फांदीचा जो भाग काही दिवस उजेडाशिवाय ठेवला जातो तिथे मुळं सहज फुटतात हे माळीकामात फार जुनं आहे.

शंकासुर (बुध., सकाळी ९:००)

चार-चार बाटल्या! शेवंतीताई, या धाग्यावर कंट्रोल ठेवून प्रयोग करणाऱ्या तुम्ही पहिल्या. पेट्रीडिश, शिका काहीतरी.

पेट्रीडिश (बुध., रात्री ९:०५)

शिकतोय 🙏

खिडकीवाले, "गरज काय" ते आता. मातीत उजेड अगदीच शिरत नाही असं नाही, वरचे काही मिलिमीटर शिरतो, आणि त्यातही लाल आणि त्यापलीकडचा अतिलाल जास्त खोल जातो, निळा लवकर अडतो. आता मूळ कुठे सुरू होतं बघा. कित्येक बिया जमिनीवर पडतात, पुरल्या जात नाहीत. त्यातून निघालेल्या अर्ध्या सेंटिमीटरच्या मुळाला पहिल्या दिवशी एकच काम असतं, लवकरात लवकर आत घुसणं, नाहीतर ते वाळून जाणार. माती भेगाळते, पावसाने वाहून जाते, तेव्हाही मुळं उघडी पडतात. अशा वेळी निळा उजेड याचा अर्थ "तू पृष्ठभागावर आहेस". जळण्याची भीती नाही, वाळण्याची आहे. उजेड ही नुसती पाटी आहे, खरा धोका त्या पाटीपलीकडे असतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मका. मेरिट म्हणून मक्याचा एक वाण आहे. त्याचं पहिलं मूळ पूर्ण अंधारात असलं तर सरळ खाली जातच नाही, आडवं वाढत राहतं! त्याला थोडा लाल उजेड दाखवला की मग ते गुरुत्वाकर्षणाचं ऐकायला लागतं आणि खाली वळतं. उजेड टिपतं ते टोकावरच्या टोपीत. म्हणजे इथे उजेड ढकलत नाहीये, "आता खाली जा" एवढी परवानगी देतोय.

आणि अजून एक, ज्यावर शंकासुर तुटून पडणार आहेत. मूळ खोल अंधारात असतानाही उजेड त्याच्यापर्यंत पोचतो, खोडातून. आतल्या नळ्यांतून, फायबर ऑप्टिकसारखा.

शंकासुर (बुध., रात्री ९:११)

हे मात्र फॉरवर्ड म्हणून आलेलं वाटतंय.

पेट्रीडिश (बुध., रात्री ९:३४)

वाट बघत होतो 😀 १९८२ मध्ये ओट, मूग आणि मक्याच्या अंधारात वाढवलेल्या कोंबांवर मोजून दाखवलंय, एका टोकाला टाकलेला उजेड कोंबातून काही सेंटिमीटर पुढे जातो, कोंब वाकवला तरी जातो. २०१६ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवलं की खोडातून असा खाली आलेला उजेड मुळातल्या फायटोक्रोम-बी ला जागं करतो आणि मुळाच्या वाढीवर परिणाम होतो. मोठ्या वृक्षाच्या मुळाशी किती पोचत असेल ते सोडून द्या, मी चिमुकल्या रोपाबद्दल बोलतोय.

त्याच वर्षी अजून एक निघालं, पानात उजेड पडला की एचवाय-५ नावाचं प्रथिन पानातून खाली मुळापर्यंत प्रवास करतं आणि मुळाला नायट्रेट जास्त ओढायला लावतं. वर कारखाना सुरू झालाय, माल पाठवा.

अर्धवटराव (बुध., रात्री ९:४०)

म्हणजे वरून फोन पण येतो आणि माणूस पण पाठवतात. काय ऑफिस आहे.

निवृत्त_मास्तर (गुरु., सकाळी ६:३०)

मेरिट मक्याचं मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं "मूळ खाली जाते" हे वाक्य मी कुठल्याही अटीशिवाय शिकवलं. आज सकाळी फिरायला जाताना तेच डोक्यात होतं.

खिडकीवाला (शुक्र., रात्री ८:५०)

निकाल! काळ्या पिशवीतली २० पैकी १८ रुजली, मुळं जवळपास सरळ खाली. खिडकीकडची १९ रुजली, त्यातली ११ खिडकीपासून लांब तिरकी गेलीत, काही तर चांगली वाकलीत, ६ सरळ खाली, आणि दोन शहाणी चक्क खिडकीकडे. पांढरी लव दोन्हीकडे दिसतेय.

शंकासुर (शुक्र., रात्री ९:०२)

अभिनंदन, पण खिडकीकडची बाजू जास्त तापते, तिथला कागद आधी सुकतो. मुळं ओलाव्याकडे वळतात, जलानुवर्तन. तुमची ११ मुळं उजेडापासून पळाली की पाण्याकडे गेली?

खिडकीवाला (शुक्र., रात्री ९:०६)

तुम्ही जेवता तरी का शांतपणे?

शेवंती (शुक्र., रात्री ९:२०)

तिसरा डबा करा. खिडकीपाशीच, त्याच बाजूने, पण काळ्या कागदात. ताप तोच, उजेड नाही. काळा जास्त तापेल म्हणून त्यावर पांढरा कागद.

पेट्रीडिश (शुक्र., रात्री ९:३१)

शेवंतीताईंना प्रयोगशाळेत घ्या कोणीतरी.

आणि खिडकीवाले, तुमच्या हिरव्या मुळांचं राहिलंच. दोन शक्यता आहेत, वरून चढलेलं शेवाळ किंवा मूळ स्वतः हिरवं होणं. साध्या मुळांतही हरितद्रव्य बनवायची सोय असते, एरवी वरून, म्हणजे कोंबातून येणारं ऑक्सिन हे संप्रेरक ती दाबून ठेवतं. अरॅबिडॉप्सिसचं मूळ कोंबापासून कापून उजेडात ठेवलं तर ते जास्त हिरवं होतं, २०१२ चं काम आहे. सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक उलट हिरवेपणा वाढवतं. तुमच्याकडे काय झालंय ते ओळखायला मूळ ओल्या कापडाने पुसा. पुसलं गेलं तर शेवाळ. नाही गेलं तर एक तुकडा आडवा कापून भिंगातून बघा.

खिडकीवाला (रवि., सकाळी ११:१५)

पाण्यातल्या मुळांचा हिरवा रंग कापडावर आला, खाली पांढरट मूळ. म्हणजे शेवाळ, पाणीदार जिंकले. हवेत लोंबणाऱ्यांचा मात्र पुसला जात नाही, कापून बघितलं तर सालीखाली बारीक हिरवी कडा आहे आणि मध्ये पांढरं, म्हणजे ऑर्किडवेडी पण जिंकल्या. जळालेलं काहीच सापडलं नाही.

तिसऱ्या डब्याचं सांगतो, पांढऱ्यात गुंडाळलेला, खिडकीपाशी, १७ रुजली, तिरकी गेलेली ३. शंकासुर, या तिघांचं काय करायचं ते तुम्ही बघा.

बाटली घासली, पाणी बदललं, आणि पाण्याच्या पातळीपर्यंत एक जुना काळा मोजा चढवलाय. वरची मुळं उघडीच ठेवलीत. काल संध्याकाळी ते गृहस्थ आले होते, मोजा बघून फार खूश झाले, म्हणाले ऐकलंस ना शेवटी. मी काही बोललो नाही, चहा दिला.

निशाचर (रवि., सकाळी ११:१९)

मोजा धुतलेला होता ना? नाहीतर यावेळी मुळं खरंच पळतील.